ऊल्कान एजेच्या डोक्यातली चूल

डोंगरावरच्या सुसामिरच्या उन्हाळी कुरणावर ऊल्कान एजे दिसायच्या आधी ऐकू यायची. एजे म्हणजे ताई. पण तिच्याहून थोरली माणसंही तिला एजेच म्हणायची, उगाच वाद नको म्हणून. माझा तंबू तिच्या शेजारी. तिची बोलणी सगळ्यात जास्त खाल्ली ती तिच्या नवऱ्याने, कल्मातने, आणि त्याच्या खालोखाल मी.

त्या उन्हाळ्यात एजे घोडीचं दूध काढत असताना घोडीला गोमाशी चावली आणि घोडीची लाथ एजेच्या कानशिलावर बसली. एजे पडली, उठली, घोडीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि राहिलेलं दूध काढून संपवलं. मग बादली नवऱ्याच्या हातात देत म्हणाली, "म्हाताऱ्या, तू दोन-दोन का दिसतोयस? मला एकच पुष्कळ होतास." आणि तिथेच भडाभडा ओकली.

आम्ही तिला गाडीत घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डोक्याचे फोटो निघाले. आत रक्तस्राव नव्हता. पण एजे गप्प होती, आणि आमची खरी भीती तीच होती.

तिथली झूरा डॉक्टरीण म्हणाली, "मार बसला की मेंदूच्या पेशींतले क्षार इकडचे तिकडे होतात. ते परत जागेवर आणायला मेंदू साखर भराभरा जाळतो. मग दमतो, आणि चूल मंद होते. काही आठवडे तशीच राहील. तोवर तिला विश्रांती द्या. हिशेब नको, वाद नको, घोड्याच्या आसपासही जायचं नाही. या दिवसांत दुसरा मार बसला तर फार महागात पडेल."

कल्मातच्या कानात फक्त 'साखर' शिरलं. परत आल्यावर त्याने बायकोला खडीसाखर, मध, जर्दाळूचा मुरंबा असा मारा सुरू केला. तिसऱ्या वाटीला एजेने तोंड फिरवलं. मी डॉक्टरणीला फोन लावला. ती हसत सुटली. "अहो, रक्तात साखर भरपूर आहे. मेंदूलाच ती सध्या नीट जाळता येत नाही. जेवायला घाला, झोपू द्या, बस."

आता दूध काढणं कल्मातकडे आलं. घोड्या त्याला थेंब देईनात. शेवटी त्याने एजेचा कोट घातला, डोक्याला तिचा फुलाफुलांचा रुमाल बांधला आणि बारीक आवाजात शिव्या देत घोडीखाली बसला. दूध आलं! सगळं कुरण बघायला लोटलं. एजे दारात बसून नुसती बघत होती.

ही संधी साधून पलीकडचा तुर्दू आला. "एजे, तुझं ते तांबडं शिंगरू दे, माझं करडं घे."

"बरं," एजे म्हणाली.

मी हबकले. तुर्दूचं करडं शिंगरू लंगडं होतं, हे मेंढ्यांनाही माहीत होतं. कल्मात रुमालासकट धावत आला. "चल, नीघ! तिच्या डोक्यात सध्या जाळ नाहीये. जाळ झाला की ये, बघू काय म्हणते ते!"

"अरे, ती हो म्हणाली ना!"

"ती मलापण हो म्हणतेय दहा दिवस! त्यावरनं कळत नाही का, ती आजारी आहे म्हणून?"

गवत पिवळं पडू लागलं तेव्हा एका सकाळी आतून आवाज आला, "चहात मीठ कुणी घातलं नाही? आणि तो तुर्दू कुठे मेलाय?" आमच्याकडे चहा मिठाचाच पितात. कल्मात चहाचा वाडगा तसाच धरून उभा राहिला. डोळे पुसले, वर म्हणाला, धूर गेला. चूल तर केव्हाच विझली होती.

थंडीसाठी कुरणावरून खाली गावाकडे उतरताना एजे घोड्यावर नाही, ट्रकमध्ये बसली, कुरकुरत का होईना. अजून दुपारी ती थकते, आणि एखादा शब्द सापडत नाही. परवा माझं नावच आठवेना.

"ए... ती... शेजारची बडबडी," ती म्हणाली.

"बडबडी मी?" मी म्हटलं.

"मग काय मी?" म्हणाली, आणि कूस बदलून झोपली.