दादाच्या हेलिकॉप्टरची लेव्हल

गवंडीकामात माझ्या लेव्हलला अजून कुणी नावं ठेवलेली नाहीत. हे मुद्दाम सांगतोय, कारण दादाचं नुकसान मी त्याच गुर्मीत केलं.

दादा माझा थोरला भाऊ. लष्करात हेलिकॉप्टरच्या देखभालीला होता. पेन्शनवर वडूजजवळच्या आमच्या गावी आला तो हातभर लांबीचं, रिमोटवर उडणारं हेलिकॉप्टर घेऊनच. ज्वारी निघाली की मोकळ्या रानात उडवायचा आणि आख्खी आळी बांधावर जमायची. मग त्याला कंपवात झाला. आधी अंगठा, मग सगळा उजवा हात. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. दादा म्हणाला, "हात हाय तवर उडवायचं."

त्या साली त्याने सगळं खोलून नव्याने जुळवलं. पंख्याखाली एक चकती असते. तीन छोट्या मोटारी बारक्या काड्यांनी तिला वर-खाली करतात. चकती कलेल तिकडे हेलिकॉप्टर जातं. रिमोटची स्टिक मधोमध असताना ही चकती पंख्याच्या उभ्या दांड्याशी अगदी काटकोनात हवी. थरथरत्या बोटांनी त्या काड्यांचे आटे फिरवायला दादाला आठ दिवस लागले. मदतीला गेलो की खेकसायचा, "तुजं थापी-वळंब्याचं काम न्हवं ह्ये. लांब बस." लागायचं मला ते.

उडवायच्या दिवशी सकाळी तो अंघोळीला गेला. हेलिकॉप्टर ओट्यावर होतं. मी माझी छोटी लेव्हल, सपाटी बघायची बुडबुड्याची पट्टी, हळूच चकतीवर ठेवली, तर बुडबुडा एका अंगाला गेला. वाटलं, दादाचा हात चुकला, आणि हे त्याला कळता कामा नये. एका काडीचे दोन-तीन आटे फिरवून बुडबुडा मधोमध आणला आणि काही झालंच नाही असा चहा पीत बसलो.

रानात हेलिकॉप्टरने जमीन सोडली न सोडली तोच ते कललं. दादाने स्टिक उलटी दाबली, पण हात थरथरला आणि पंखे ढेकळांत घुसले. दादाने रिमोट गळ्यातून काढून माझ्याकडे दिला. "न्हाई रं गड्या. हात गेला माजा."

त्याच संध्याकाळी वहिनीने ओटा धुतला. पाणी सरसर अंगणाकडे गेलं. पाणी निघावं म्हणून ओट्याला तो उतार मीच दिला होता. उतारावर उभं हेलिकॉप्टर कललेलंच असणार. दादाची चकती दांड्याशी बरोबर होती. मी ती बिघडवली.

तेव्हाच सांगायला हवं होतं. लाज वाटली, एवढंच खरं कारण. स्वतःला मात्र समजावत राहिलो की आता सांगून त्याला कशाला त्रास.

सांगितलं ते दिवाळीत, नवे पंखे पुढ्यात ठेवून. तोवर त्याला पाण्याचा पेला धरता येत नव्हता, वहिनी पाजायची. त्याने सगळं ऐकून घेतलं. शिव्या दिल्या असत्या तर मी निमूट घेतल्या असत्या. पंख्यावर बोट फिरवायला गेला, तेही जमेना.

"तवाच बोलला असतास," तो म्हणाला, "तर आणखी चार म्हैनं उडवलं असतं की रं."