मावशींच्या गच्चीवरचा खांब

मावशींना हळू बोलता येत नसे. बेडसे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या खांद्यावर त्यांचं घर. तिथून त्या खालच्या वावरातल्या माणसाला जेवायला हाक मारत आणि तो माणूस येतही असे. मोबाईलवरही त्या तशाच ओरडत. मी एकदा म्हटलं, "मावशी, हळू बोललात तरी पोचतं." त्या म्हणाल्या, "पोचलं ह्ये मला कसं कळायचं?"

त्यांच्या दारात मी गेलो तो कामासाठी. तळेगावच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी तिकोणा पेठेच्या दवाखान्यातले पेशंट पडद्यावर तपासायचे, असं ठरलं होतं. पेठेत रेंजची बोंब आणि मध्ये डोंगर आडवा. बिनतारी जोडणीत दोन डिश एकमेकींना सरळ दिसाव्या लागतात. म्हणून दोन्ही बाजू दिसतील असं मधलं घर मी शोधत होतो, आणि तसं घर एकच निघालं, मावशींचं. गच्चीवर खांब उभारून त्याला दोन डिश लावू द्या, असं मी त्यांना म्हटलं.

"न्हाई," मावशी म्हणाल्या. "उद्या वीज पडली मंजी?" मी अर्थिंगचं सगळं समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि पुन्हा "न्हाई" म्हणाल्या. मी निघालो तेव्हा त्यांनी सहज विचारलं, "जानार कुटं ह्ये?" तिकोणा पेठ म्हणताच त्यांचा चेहराच पालटला. पेठ त्यांचं माहेर. त्यांचे थोरले भाऊ, दादा, तिथे हृदयाचं दुखणं घेऊन बसलेले. तळेगावच्या खेपा त्यांना झेपत नव्हत्या. "आदी सांगायचं न्हाई व्हय? लाव. पर जेवून मग चढ वर."

डिशच्या तोंडासमोर काही येऊ द्यायचं नाही, एवढीच अट मी घातली. ती त्यांनी अशी पाळली की सुनेला गच्चीवर पापड घालायची चोरी झाली. लोणावळ्याहून आलेल्या हौशी मंडळींनी ड्रोन उडवला, तर मावशींनी त्यांना तो गुंडाळून डोंगर उतरायला लावलं.

आणि एवढं करून पाडव्याला पेठेचा पडदा बंद! दादांची तपासणी नेमकी त्याच सकाळी. मी धावतपळत गेलो, तर खांबाला गुढी. जरीचं लुगडं, कडुलिंब, साखरेची गाठी आणि पेठेकडच्या डिशच्या थेट तोंडावर तांब्याचा गडू.

"मावशी, हे काय?"

"घरात ह्याच्यापरीस उच काटी न्हाई. आन म्हायेराकडं तोंड करून बांदलीया. चुकलं व्हय?"

मला हसू आवरेना. पण उभारलेली गुढी भर सकाळी उतरवायची कशी? मावशींनी क्षणभर विचार केला. "दादा खोळंबलाय. देवाला मी सांगते," म्हणाल्या आणि स्वतःच्या हातांनी गाठ सोडली. देवालाही त्यांनी मोठ्यानंच सांगितलं.

पुढच्या थंडीत दादा गेले. मावशींच्या थोरल्या मुलाला गच्चीवर, समोर धरण दिसतं तिथे, पर्यटकांसाठी खोल्या काढायच्या होत्या आणि खांब आड येत होता. "मामा व्हता तवर ठीक व्हतं," तो मला म्हणाला. त्याचं चूक होतं असंही नाही. पण खांब गेला की पेठेतल्यांना पुन्हा तळेगावच्या खेपा, आणि दुसरं घर मला सापडणार नव्हतं. मावशींना भेटायला गेलो तो धास्तावूनच.

बराच वेळ दादांबद्दल बोलून झालं. मग त्यांनी विचारलं, "दादाच्या पाळीला आता कोन बसतं?" मी सांगितलं: सातवा महिना लागलेली एक पोरगी, बौद्ध वस्तीतले रिटायर्ड मास्तर, धाप लागणारी एक आजी. मावशींनी थोरल्याला हाक मारून बोलावलं.

मग त्या मुलाला म्हणाल्या, "खोल्या घरामागं बांद."

"आये, मागनं धरन दिसत न्हाई. कोन येनार?"

"धरन न्हाई दिसलं म्हनून कुनी मरत न्हाई."

मावशी गेल्या वर्षी गेल्या. मला त्यांची आठवण येते, फार येते. खोल्या मागेच झाल्या आहेत. मी खांबाच्या देखभालीला गेलो की थोरला अजून कुरकुरतो, पाहुणे धरण मागतात म्हणतो. आणि कुरकुरत कुरकुरत माझी शिडी धरून उभा राहतो.