नापास काडतूस

गिरणीत गहू दळायला देताना त्यात काडतूस नसावं, असा बेळगावात कुठंही लेखी नियम नाही. मला तो अनुभवानं शिकावा लागला, आणि तोही वयाच्या बावन्नाव्या वर्षी, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत असताना!

आधी पिस्तुलाचं सांगून टाकतो, नाहीतर माझ्याबद्दल भलताच समज व्हायचा. आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, मूळचे कंग्राळीचे. फौजेत सुभेदार होते. रिटायर होऊन शेती बघायला लागले तेव्हा त्यांनी रीतसर लायसन काढून एक पिस्तूल घेतलं. पुढं वय झालं, हात थरथरायला लागला, तसे ते टिळकवाडीत आमच्या फ्लॅटवर राहायला आले आणि सगळे कागद होऊन पिस्तूल माझ्या नावावर आलं. माझ्या हातात ते देताना आप्पा एवढंच म्हणाले, "पिस्तुलाचं भ्या न्हाय रं मला. तुजं हाय."

मी नेमबाजीच्या क्लबात नाव घातलं. पहिल्या रविवारी दहा गोळ्या झाडल्या. माझ्या निशाणावर दोन भोकं पडली आणि शेजारच्या वकिलाच्या निशाणावर अठरा. (वकिलानंही दहाच झाडल्या होत्या. तो अजून मला बघितलं की चहा पाजतो.)

आता विज्ञानाचा माणूस असा प्रसंग आला की आपल्या हाताला दोष देत नाही, साधनांना देतो. मी इंटरनेटवर शोधाशोध केली आणि मला साक्षात्कार झाला. परदेशात म्हणे हौशी नेमबाज विकतची काडतुसं वापरतच नाहीत! घरच्या घरी टेबलावर बसून एकेक काडतूस स्वतः भरतात, दारू मोजून, गोळी जोखून, आपल्या पिस्तुलाला जुळेल असं. एखाद्यानं सतार लावावी तसं ते काडतूस लावत बसतात. एका दाढीवाल्या माणसाचे असे व्हिडिओ मी सलग आठ दिवस बघितले.

"आप्पा, आपण पण घरी काडतुसं भरायची का?" मी विचारलं.

"भर की," आप्पा पेपरातनं मान वर न काढता म्हणाले. "मग हिंडलग्याच्या जेलात डबा कोन आनून देनार, त्येबी ठरीव."

आपल्याकडं तो सरळसरळ गुन्हा आहे, हे मला ठाऊक होतंच. पण विकतच्या काडतुसांचं निदान वजन तरी करायला कायद्याची ना नाही! मी सोनार वापरतात तसला छोटा डिजिटल काटा मागवला. एका शनिवारी जेवणाच्या टेबलावर तो मांडला, पंखा बंद केला, खिडक्या लावल्या आणि घरातल्यांना हळू श्वास घ्यायला सांगितलं.

"मी पोळ्या लाटू का?" स्वयंपाकघरातनं बायको सुनंदानं विचारलं. "का त्येनं तुमचा काटा हालंल?"

"जरा थांब."

"किती थांबू? मामांना गोळ्या घ्यायच्या आधी जेवाय पायजे."

मामा म्हणजे आमचे आप्पाच, तिचे सासरे. मी दुर्लक्ष केलं. दहा काडतुसं होती. प्रत्येकाच्या बुडाशी सुनंदाच्या नेलपॉलिशनं आकडा घातला, एक ते दहा. (न विचारता. बाटली लग्नातली नव्हती, पण तिच्या बोलण्यावरून तशी वाटली.) सातव्यावर जरा जाड ओघळ आला, तो तसाच वाळू दिला. मग एकेक काट्यावर ठेवून वहीत वजन लिहिलं. नऊ काडतुसं अगदी एका आईची लेकरं. सातवं मात्र जास्त भरलं!

"सापडला!" मी ओरडलो. "हाच तो! ह्याच्यामुळंच माझा नेम चुकतोय!"

"एका गोळीनं आठ गोळ्या चुकल्या व्हय?" आप्पांनी विचारलं.

वहीत सात नंबरापुढं लाल शाईनं 'नापास' असा शेरा मारला. पंचवीस वर्षांची सवय.

पुढच्याच आठवड्यात खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी सगळी हत्यारं पुजतात. पाटावर गव्हाची रास पसरायची, त्यावर आप्पांचा विळा, खुरपं, सुनंदाची शिवणाची कात्री, माझी मोजपट्टी आणि रिकामं केलेलं पिस्तूल. काडतुसं आप्पा एरवी डबीतच ठेवून डबीला कुंकू लावत. या वर्षी मी मध्ये पडलो.

"डबी कशाला? मी मांडतो."

आणि मी ती गव्हात उभी खोचून मांडली. पुढं नऊ पास झालेली, एका ओळीत, नंबराच्या क्रमानं. नापास झालेलं सातवं मागच्या बाकावर, म्हणजे नारळाच्या पाठीमागं, एकटं. ते पडू नये म्हणून अंगठ्यानं जरा जास्तच दाबलं.

"फौजेत आमी गोळी मोजून घ्यायचो आन् मोजून द्यायचो," आप्पा म्हणाले. "जोखत न्हवतो."

"आता जमाना बदललाय, आप्पा."

दसऱ्याला पूजा उचलली. मी पुढची ओळ उचलून डबीत भरली, डबी कपाटात, कपाटाला कुलूप. पूजेचे गहू आम्ही टाकत नाही. सुनंदानं ते निवडलेल्या गव्हाच्या डब्यात ओतले.

रविवारी सकाळी क्लबला निघताना मी डबी उघडली. नऊ! पुन्हा मोजली. नऊ! खाली वाकून कपाटाखाली बघितलं, उशीखाली बघितलं, मोज्यात बघितलं. आणि मग एकदम नारळ आठवला. नारळाची पाठ आठवली. माझा अंगठा आठवला.

मी स्वयंपाकघरात धावलो. "सुनंदा, गव्हाचा डबा कुठाय?"

"गिरणीत. आत्ताच देऊन आलतो मी आन् मामा फिराय गेलतो तवा."

मी खाली बसलो. "त्यात काहीतरी पडलंय."

"काय पडलंय?"

"छोटं आहे."

"छोटं म्हंजे?"

"करंगळीच्या पेराएवढं. पितळेचं."

सुनंदाच्या हातातलं लाटणं थांबलं. तिनं माझ्याकडं बघितलं, मग कपाटाकडं, मग पाटाच्या रिकाम्या कोपऱ्याकडं. "अगं बाई! ह्या माणसानं पिठात बार भरला!"

गिरणीवाल्याला फोन लावला. रिंग वाजत राहिली. गिरणी चालू असली की तिथं कानाशी ढोल वाजवला तरी ऐकू येत नाही, फोन कुठला ऐकू येतोय! मी स्कूटर काढली. आप्पा मागं येऊन बसले.

"आप्पा, तुम्ही कशाला?"

"चल. सामान हरवलं की सुभेदार जातोच."

वाटेत माझ्या डोक्यात नको ती गणितं चालू झाली. दगडाची पाती, त्यांचं घर्षण, उष्णता, हवेत उडणारं बारीक पीठ. हे सगळं मी वर्गात हसत हसत शिकवतो. आता प्रत्येक सूत्राच्या शेवटी मला गिरणीवाले पारिसअण्णा उभे दिसत होते. साठीचा माणूस, कुणाला कधी वाकडं बोलला नाही, आणि माझ्या हौसेपायी त्याच्या तोंडासमोर काडतूस फुटणार! लायसन जाईल, नोकरी जाईल, त्याचं मला त्या घडीला काही वाटत नव्हतं. तो माणूस वाचू दे, एवढंच मी मनात घोकत होतो.

आणि रेल्वे फाटक पडलं.

लोंढ्याकडं जाणारी मालगाडी होती. इतके डबे मी आयुष्यात बघितलेले नाहीत. फाटकाशी आमच्या बाजूलाच एक पोलीस मोटारसायकलवर उभा होता.

"काय सर, लई घाम आलाय?" त्यानं विचारलं. (त्याचा मुलगा माझ्याच वर्गात!)

"दळण आणायला चाललोय," मी म्हटलं.

"दळणाला एवढी घाई?"

आप्पांनी घसा खाकरला. आप्पा आयुष्यात खोटं बोललेले नाहीत, आणि त्या वयात ते सुरू करतील अशी आशाही नव्हती. "त्याचं काय झालं, ह्यानं..." त्यांनी सुरुवात केली.

मी हॉर्न दाबला. दाबूनच धरला! मालगाडीला हॉर्न देणारा प्राध्यापक बघून आजूबाजूची चार माणसं हसली. पोलीस मला म्हणाला, "सर, गाडी बाजूला सरकनार न्हाय ती." फाटक उघडलं तेव्हा मी सर्वांच्या आधी सुटलो.

आता पारिसअण्णांच्या गिरणीबद्दल सांगायला हवं. ते निपाणीकडचे जैन. त्यांची गिरणी टिळकवाडीतली सगळ्यात रेंगाळणारी गिरणी, असं मी गेली दहा वर्षं उघडपणे म्हणत आलोय. कारण कुणाचंही धान्य असो, निवडलेलं असो, धुतलेलं असो, ते आधी आपल्या चाळणीतनं काढल्याशिवाय दळायला टाकत नाहीत. का? तर एखादा किडा, सोंडा असला तर जिवंत दळला जाऊ नये! सापडलेले किडे एका वाटीत चार दाण्यांसकट ठेवतात आणि संध्याकाळी मागच्या परड्यात सोडून येतात. "अण्णा, त्या किड्यांपेक्षा माझा वेळ जास्त जातोय," असं मी एकदा त्यांना तोंडावर म्हटलं होतं. ते हसले होते आणि चाळत राहिले होते.

मी गिरणीत शिरलो तेव्हा गिरणी धडधडत होती. पट्टा फिरत होता. वरच्या पत्र्याच्या पेटीतनं धान्य खाली उतरत होतं, आणि पारिसअण्णा कुठंच दिसत नव्हते.

"बंद करा! बंद करा!" मी बोंबललो. कुणाला ऐकू येईना. मी भिंतीवरचं बटण बंद केलं, स्टुलावर चढलो आणि कोपरापर्यंत दोन्ही हात त्या पेटीत घातले. मुठी भरभरून धान्य बाहेर उपसायला लागलो. माझ्या अंगावर, डोक्यावर, आप्पांच्या टोपीवर पीठ आणि दाणे!

"अगं आई गं! माजी ज्वारी!" रांगेतली एक बाई किंचाळली. "ह्यो मास्तर खुळा झाला का काय? माजी ज्वारी उपसाय लागलाय!"

मी हातातली मूठ बघितली. ज्वारी होती. गहू नव्हते.

"आक्का, माफ करा," मी स्टुलावरनंच म्हटलं. "गहू कुठायत? माझे गहू?"

"हितं हायत सर," मागनं शांत आवाज आला. पारिसअण्णा कोपऱ्यात पोत्यावर बसले होते. पुढ्यात आमचा डबा, हातात चाळण. "तुमचा नंबर अजून आला न्हाय. चाळाय लागलोय."

ते उठले, फळीवरची वाटी उचलली आणि माझ्यापुढं धरली. "नोड्री सर, ह्ये बगा. तुमच्या गव्हात किडा एकबी न्हाय. पर ह्ये निघालं."

वाटीत चार दाणे होते. दाण्यांशेजारी दुसऱ्या कुणाच्या डब्यातला एक सोंडा चालला होता. आणि सोंड्याच्या वाटेत आडवं पडलं होतं माझं काडतूस.

मी सरळ पिठाच्या पोत्यावर बसलो. हसू येत होतं की रडू, ते मला आजही सांगता येणार नाही. दोन्ही एकदम येत होतं. मी पारिसअण्णांचा हात धरला आणि सोडेना.

"अण्णा, हे काय आहे ते ठाऊक आहे तुम्हाला?"

"व्हय की. माज्या आज्जाची तंबाखूची वखार होती निपानीत. राखनीला बंदूक होती. तीन पिढ्या लायसन रिन्यू क्येलं, एक बार उडवला न्हाय." ते म्हणाले, "पर मोजून ठेवायचे बगा आज्जा. रोज."

आप्पांनी पारिसअण्णांकडं बघितलं. पारिसअण्णांनी आप्पांकडं बघितलं. दोघांनी एकदम माझ्याकडं बघितलं. त्या क्षणी पोत्याच्या आत जाऊन बसावं असं मला वाटलं.

ज्वारीवालीची ज्वारी मी गोळा करून दिली. ती पुन्हा चाळली गेली, अर्थात मीच चाळली. रांगेतल्या बाकीच्यांचीही मलाच चाळायला लावली आप्पांनी. दीड तास! "बारीक बघ रं," ते खुर्चीवर बसून सांगत होते, "किडा सुटला न्हाय पायजे." एक सोंडा मला सापडलाही. मी तो अगदी अदबीनं वाटीत ठेवला.

घरी आलो. सुनंदानं दार उघडलं, पांढऱ्याफटक माझ्याकडं बघितलं आणि आधी मला हात लावून बघितला. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ती बोलायला लागली, ती मंगळवारपर्यंत थांबली नाही. पण मला ते बोलणंसुद्धा त्या दिवशी गोड लागत होतं. सगळी माणसं जागच्या जागी होती आणि दुपारी त्याच गव्हाच्या पोळ्या झाल्या.

संध्याकाळी आप्पांनी काटा टेबलावर आणून ठेवला. "जोख."

"आता कशाला, आप्पा?"

"जोख म्हनतो न्हवं."

मी सातवं काडतूस काट्यावर ठेवलं. आकडा स्थिर झाला. मी वही काढली, पुन्हा ठेवलं, पुन्हा बघितलं. वजन बरोब्बर इतर नऊंएवढं! मी ते उलटं करून बुड बघितलं. पारिसअण्णांच्या चाळणीत घासून नेलपॉलिशचा तो जाड ओघळ पार निघून गेला होता. जास्तीचं वजन काडतुसाचं नव्हतंच. माझ्या रंगकामाचं होतं.

आप्पा चष्मा लावून माझ्या खांद्यावरनं वहीत बघत होते. त्यांनी माझ्याच खिशातलं लाल पेन काढलं. सात नंबरापुढचा 'नापास' खोडला, आणि तोच शेरा त्याच शाईनं, थरथरत्या हातानं पण अगदी ठळक अक्षरात, वहीच्या पहिल्या पानावर माझ्या नावापुढं लिहिला.