जिजीकडचं बटण

वत्सला, हे पत्र घेऊन निवांत बस आणि आधी चार शब्द ऐकून घे. तुझी आई गेली, तेरावं झालं, आणि तू रनाळ्याला सासरी परतलीस ती परतलीसच. इकडे काकू आहे, हे विसरलीस का गं? ...असू दे. रागवायलाही मनात काही उरलेलं नाही.

तुझी आई म्हणजे माझी जिजी, माझी मोठी जाऊ. ती गेली त्या दिवशी दिवेलागणीला मी शिवणाच्या मशीनवर बसले आणि रोजच्यासारखी भिंतीकडे तोंड करून हाक मारली, "जिजी, दाब व!" उजेड आला नाही. पुन्हा हाक मारली, चिडलेसुद्धा. मग अंगणातून वळसा घालून पलीकडे गेले, तर ती बटणाखालीच भिंतीला टेकून बसलेली. तुझे वडील अजून शेतावरून यायचे होते. मी तिचा पदर सारखा केला, चूल विझवली. रडू आलं नाही. अजून येत नाही...

तुझ्या सासरी हे पत्र वाचणाऱ्यांना वाटेल, बटण कसलं? सांगते. दोघे भाऊ वेगळे झाले, तेव्हा माजघरात मधोमध भिंत घालायची ठरली. गावात वीज नवी. घरात एकच प्लग, त्यावर माझा शिवणाचा दिवा लागायचा, आणि नवी भिंत नेमकी तिथंच येत होती. वायरमनने प्लग काढला, लाकडी पट्टीवरून तार फिरवली आणि भिंतीला भोक पाडून तो माझ्या बाजूला आणला. बटण जिजीच्या बाजूला राहिलं. आमचे हे म्हणाले, "बटणही इकडे घ्या. त्यांच्याशी संबंधच नको."

तशी जिजी पुढे आली. "ऱ्हाऊ दे भाऊ, बटण मन्हाकडेच ऱ्हाऊ दे. तिले उजेड पाहिजे व्हई ते माले हाक मारी."

"आणि मावशी, तुम्ही रुसल्या तर?" वायरमन हसला.

"ते बठी अंधारामा!"

भाऊ भाऊ बोलेनासे झाले. कानबाई देवीच्या प्रसादाचे रोट भाऊबंदांनी मिळूनच खायचे, म्हणून तेवढे श्रावणात एका पंगतीला बसायचे, माना खाली घालून. आम्ही दोघी मात्र रोज बोलायचो, बोलावंच लागायचं. मला उशीर झाला की तीच भिंतीवर थाप मारायची, "काय व गोदा, आज अंधारामाच बठेल शे का?" मग बटण खट्ट वाजायचं, आणि तिच्या भाजीपासून तुझ्या बाळंतपणापर्यंत सगळं त्या तारेच्या भोकातून इकडे यायचं.

परवा हे म्हणाले, वायरमनला बोलावून बटण इकडे घेऊ. मी नको म्हटलं. पलीकडे आता तुझे वडील एकटेच. संध्याकाळी त्यांचा खोकला ऐकू येतो. पण मोठ्या दिरासमोर मी कधी तोंड उघडलं नाही, आता हाक कशी मारू? ते उजेडात बसतात, मी अंधारात. तुझ्या लेकीचं झबलं मशीनवर अर्धं पडलंय.

म्हणून म्हणते, लवकर ये. दिवेलागणीच्या आत ये. आणि बापाला तेवढं सांग, भिंतीवर थाप पडली की ते बटण दाबायचं.