दाजींची डावी पोटरी

फोन ताईचा होता, पण आवाज तिचा वाटेना. "विनू, ह्यांना दम लागलाय. जिना चढून आले आणि दारातच बसले. तू ये." चपला पायात सरकवताना माझ्या मनात पहिल्यांदा आली ती दाजींची छाती नाही, त्यांची डावी पोटरी. रिक्षा सातपूरला पोचेपर्यंत मी माझेच तळहात हुंगत होतो. आदल्या संध्याकाळच्या तिळाच्या तेलाचा वास साबणाने गेला नव्हता, की मलाच तसं वाटत होतं... कोण जाणे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सातपूरच्या एका कारखान्यात फिटर. नव्वदच्या दशकात मी कॉलेजात कारकून म्हणून चिकटलो आणि खुर्चीवर बसून पोट वाढवू लागलो, तेव्हा त्यांनीच मला ताब्यात घेतलं. पुढच्या खोलीत एक निळी सतरंजी कायम अंथरलेली असे. शिफ्टवरून आले की आधी तिच्यावर जोर, बैठका, मग वाळूने भरलेले दोन गोडेतेलाचे डबे उचलायचे, आणि त्यानंतर ताट. ताटात बाजरीची भाकरी, मोडाचे मूग, ताक, फार तर गुळाचा खडा. "दाजी, पैलवान व्हायचंय का?" मी विचारलं होतं. "नाही रे. म्हातारा व्हायचंय. धडधाकट म्हातारा." ताई आतून म्हणाली, "आणि मला मूग निवडून निवडून आंधळी करायचीय."

मग पळणं सुरू झालं. त्र्यंबक रोडला तेव्हा पहाटे फारशी वाहनं नसत. दसऱ्याला आम्ही दोघं पळत त्र्यंबकला जायचो आणि एस.टी.ने परत यायचो. संध्याकाळी सोनं वाटायला निघालो की आमची चाल बघून गल्ली हसायची. दुखण्यांची आम्हाला सवय झाली. गुडघे, टाचा, नडग्या. दाजींचा त्यावर नियम होता : पळताना कमी होतं ते दुखणं आपलं, वाढतं ते डॉक्टरांचं. आपलं असेल तर बर्फ, विश्रांती आणि तेल. माझे पाय ते स्वतः चोळून द्यायचे. मला संकोच वाटायचा. "पाहुणे, पाय आखडू नका," म्हणायचे आणि अंगठा असा दाबायचे की डोळ्यांत पाणी यावं. एकदा माझा घोटा मोडला. प्लॅस्टर काढल्यावर पोटरी काडीसारखी झाली होती. ती बघून म्हणाले, "हा बगळ्याचा पाय उसना आणलास का रे?"

ही थट्टा मी विसरलो असतो तर बरं झालं असतं.

या पावसाळ्याच्या तोंडाशी त्र्यंबक रोडवर, महिरावणीच्या उतारावर पळताना त्यांचा पाय मुरगळला, हाडाला चीर गेली आणि त्यांना प्लॅस्टर पडलं. त्यातही गडी सतरंजीवर बसून डबे उचलत होता. प्लॅस्टर निघालं आणि मी बघायला गेलो. डावी पोटरी बारीक व्हायला हवी होती. ती उजवीपेक्षा जाड होती. कातडी ताणून चकचकीत झाली होती, हात लावला तर गरम. मला बगळ्याचा पाय आठवला. ताई म्हणाली, "एकदा दाखवून येऊ या का?" आणि मी, सगळ्या दुखापतींतून गेलेला शहाणा, म्हणालो, "ताई, पळणाऱ्याचा पाय आहे. आखडलाय. तेल गरम करून दे." खरं सांगतो, मी घाबरलो होतो. डॉक्टरांनी पळणं बंद सांगितलं तर दसऱ्याला त्र्यंबक रोडवर मी एकटा... एवढ्याच भीतीपोटी मी दुसरी भीती गिळली. ताईने वाटीत तेल आणून दिलं. मी चोळू लागलो. "हळू, पाहुणे," दाजी म्हणाले. मी हळू केलं नाही. ते माझ्या पायांना करायचे तसंच, अंगठ्याने, खालून वर दाबत गेलो.

दुसऱ्या दिवशी तो फोन.

दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "पाय सुजला होता का? मालिश वगैरे केलंत?" ताई बाकावर बसली होती, तिला ऐकू जाणार नव्हतं. मी म्हणालो, "नाही." थोड्या वेळाने त्यांनी बाहेर येऊन सांगितलं, पायातली रक्ताची गुठळी फुफ्फुसात गेली. सगळं संपलं होतं.

दहाव्याला दाजींची बहीण, सिन्नरच्या अक्का, सगळ्यांसमोर ताईला बोलल्या, "माझ्या भावाला उपाशी मारलं हिनं. भाकर आन् मुगावर कुठं माणूस जगतो व्हय? लय वाळला व्हता गं बाई." ताईने मान खाली घातली. तिला ते पटलं होतं! त्या दिवसापासून ती मुगाचा डबा उघडेना. "मीच तूप बंद केलं रे. रक्तच उतरलं असेल त्यांचं," असं मला म्हणायची, आणि मी समोर बसून चहा प्यायचो. माझ्या गप्प बसण्यातून ती रोज थोडी थोडी गुन्हेगार होत होती. रात्री माझा हात आपोआप माझ्या पोटऱ्यांकडे जायचा. दोन्ही सारख्या आहेत ना?

शेवटी मी एका दुसऱ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, गुठळी चोळल्याशिवायही सुटली असती कदाचित, सांगता येत नाही. पण प्लॅस्टरनंतर एकच पाय सुजला, गरम लागला, तर त्याला चोळायचं नाही, ताबडतोब दवाखाना गाठायचा. दाजींच्या नियमात हे दुखणं बसतच नव्हतं. ते पळून नाही, बसून आलं होतं.

गेल्या रविवारी ताईला सांगितलं. पाय, बगळा, डॉक्टरांना म्हटलेलं 'नाही', सगळं. तिने सतरंजीकडे पाहिलं. सतरंजी अजून तिथेच आहे, सगळे वळसा घालून जातात. मग म्हणाली, "तेल मी गरम करून दिलं होतं."

"तुला माहीत नव्हतं, ताई."

"तुला होतं?"

"शंका आली होती."

तिने माफ केलं नाही, रागावलीही नाही. एवढंच म्हणाली, "वन्संना तू सांग. सगळ्यांसमोर बोलल्या त्या, सगळ्यांसमोर सांग." म्हणून हे छापायला देतोय, आणि उद्या सिन्नरला जातोय. अक्कांसमोर उभं राहायची मला फार भीती वाटते.

त्या रविवारी निघताना तिने दारात अडवलं. "बस तिथे." मी सतरंजीवर बसलो, दाजी गेल्यापासून पहिल्यांदाच. "पँट वर कर." खाली बसून तिने माझ्या दोन्ही पोटऱ्यांवरून हात फिरवला. चोळला नाही, दाबला नाही, नुसता ठेवला. आधी डावीवर, मग उजवीवर, मग पुन्हा डावीवर... तिची खात्री होईना.

मी पाय आखडला नाही.