डाव्या कानामागची पायरी

‘धांदल्या’ हे नाव त्याला बापानंच ठेवलं होतं आणि ते खोटं म्हणण्याची सोय नव्हती. पोरगा जन्मालासुद्धा महिनाभर आधी आला, असं आई सांगायची. पुढे आपल्या देशात राहणं कठीण झालं, तेव्हा तिघं हाताला लागलं ते घेऊन या परक्या शहरात आली. बाप न्हावी. त्यानं एक अरुंद गाळा धरला, खुर्ची नि आरसा मांडला आणि धंदा सुरू केला. त्याच्या हातात कसब होतं, जिभेत नव्हतं. इथली भाषा त्याला काही केल्या वळेना. पोरगा मात्र शाळेत जाऊन ती घडाघडा बोलू लागला. तेव्हापासून गिऱ्हाईक काय हवं ते सांगायचं, पोरगा बापाला समजावायचा आणि बाप ‘मला कळतं’ म्हणत आपल्याला हवे तसेच केस कापायचा.

मिसरूड फुटल्यावर पोराच्याही हातात कात्री आली. हात झपाझप चालायचा, पण डाव्या कानामागे दर वेळी एक पायरी राहायची. वरचे केस लांब, खालचे एकदम आखूड.

“अरे, हे डोकं आहे की जिना?” बाप खेकसायचा.

“बाबा, तिथं बघतंय कोण?”

“मी बघतोय ना!” आणि गिऱ्हाइकाला थांबवून तो ती पायरी स्वतः मोडायचा.

मग लढाई सुरू झाली आणि धांदल्या सगळ्यांच्या आधी भरतीच्या रांगेत जाऊन उभा राहिला. “आपल्याला इथंच राहायचंय ना? मग पाहुण्यासारखं किती दिवस बसायचं?” एवढंच त्याचं म्हणणं. बापाचं पित्त खवळलं.

“जा! पण कात्री खाली ठेवलीस ती ठेवलीस. पुन्हा हातात धरायची नाही.”

“नाही धरणार,” म्हणून पोरगा गेला. त्याचे फोन यायचे ते आईला. बाप शेजारीच बसून आपलं लक्ष नाही असं दाखवायचा.

हिवाळा संपत आला असताना गणवेशातले दोघे दुकानात शिरले. शिरताच त्यांनी टोप्या काढून हातात धरल्या. टोपी काढली म्हणजे केस कापायचेत, हा बापाचा सरळ हिशोब. त्यानं बाकाकडे बोट दाखवलं. ते बसेनात. त्यातला मोठा हळू आवाजात काहीतरी बोलला, बापाला कळलं नाही. तो पुन्हा बोलला. तेव्हा बापानं सवयीनं मागे वळून पोराला हाक मारली. शेवटी खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्धवट डोक्यानिशी उठलं आणि त्यानंच सोपे सोपे शब्द वापरून बापाला ते सांगितलं. पोराला नुकतंच विसावं लागलं होतं.

दुःख होतंच, पण बापाला आतून वेगळंच काहीतरी खात होतं. “माझा शब्द धरून बसला असेल,” तो बायकोला म्हणायचा. “रागातच गेला गं.”

“तुमचं त्यानं कधी ऐकलं होतं?” ती म्हणायची. पण तिलाही नक्की ठाऊक नव्हतं.

महिन्याभरानं एक तरुण काठी टेकत, लंगडत आला. केस वाढलेले. काही सांगायला त्यानं तोंड उघडलं, तोच बापानं खुर्चीकडे बोट दाखवलं आणि तो बसला. बापानं त्याच्या गळ्याभोवती कापड गुंडाळलं, कंगवा फिरवला, डाव्या कानामागचे केस उचलले आणि त्याचा हात थांबला. वाढलेल्या केसांतही पायरी जागच्या जागी होती.

“हे कुणी कापले?” इथल्या भाषेतलं हे वाक्य त्याला बिनचूक जमलं.

“तुमच्या मुलानं,” तरुण आरशात बघत, त्याला कळेल असं सावकाश म्हणाला. “आमच्या अख्ख्या तुकडीचे तोच कापायचा. म्हणायचा, बाबांनी हे बघितलं तर माझी सालटी काढतील. मग मी दवाखान्यात पडलो. तेव्हापासून कुणी हात लावलेला नाही.”

बाप गिऱ्हाइकासमोर ढसाढसा रडला. मग त्यानं नाक पुसलं, हात धुतले आणि कात्री उचलली. पुढचे, वरचे, उजवीकडचे केस नेहमीसारखे सुबक कापले.

कापड झटकल्यावर तरुणानं डाव्या कानामागे बोट फिरवलं. “इथं थोडं राहिलंय.”

“राहिलेलं नाही,” बाप म्हणाला. “तिथलं झालंय.”