कोइनस, हजर

वाघमारे मॅडमचा इतिहासाचा तास भिंतीपलीकडून ऐकला, की बाई धडा शिकवतायत की कुणाशी भांडतायत, हेच कळायचं नाही.

"सिकंदर बियास नदीपर्यंत आला. लई मोठा राजा. पण पोरांनो, त्याला तोंडावर 'बास झालं, आता घरी चला' असं कोण म्हणालं?"

मागून एखादं कार्टं हमखास ओरडायचं, "कोई नै!"

"बरोबर," मॅडम म्हणायच्या. "कोइनस."

आमच्या औरंगाबादी दखनीत 'कोई नै' म्हणजे कोणीच नाही. आणि कोइनस म्हणजे सिकंदराचा मॅसेडोनियन सरदार, पुस्तकात ज्याचं नावसुद्धा नाही. पण पुंडलिकनगरातल्या आमच्या शाळेत पोरांना त्याची अख्खी नोकरी पाठ. हळदीच्या अंगानं मोहिमेवर निघाला. पहिल्याच हिवाळ्यात फौजेतल्या नव्या नवरदेवांना घेऊन घरी जाऊन आला. इराणच्या बादशहाशी लढताना बाण खाल्ला. झेलमकाठी पोरसाच्या फौजेला मागून गाठलं. एवढं सगळं करून मग तो राजासमोर उभा राहिला. मी गणिताची, मला इतिहासाचा मनस्वी कंटाळा, पण हे ऐकायला मी शेजारच्या वर्गात गणितं थांबवायची.

स्वतः मॅडमही काही बोलायचं तर उभ्या राहूनच बोलायच्या. चहात साखर कमी आहे, हे सांगायलासुद्धा. मी वैतागायची, तर म्हणायच्या, "बसून बोललेलं कुणाला ऐकू जात नाय."

संस्थेच्या अध्यक्षांचा वाढदिवस मार्चमध्ये. साहेब हार घालून उघड्या जीपमध्ये, आणि आमची पोरं पुढं उन्हात लेझीम खेळत. एका वर्षी दोन पोरी चक्कर येऊन पडल्या. पुढच्या वर्षी मिरवणूक आणखी लांबवायचं ठरलं. कुणाची हरकत आहे का, असं अध्यक्षांनी बैठकीत विचारलं. आम्ही सगळे खाली मान घालून. हिंदीच्या सरांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "कोई नै, साहेब."

खुर्ची सरकली.

"कोइनस हजर आहे," वाघमारे मॅडम म्हणाल्या. "साहेब, तुम्ही जीपमधी, पोरं डांबरावर. यंदा पोरं येणार नायत."

अध्यक्षांनी नोकरीची आठवण करून दिली. मॅडम बसल्या नाहीत. मग हिंदीचे सर ओशाळून उठले, पाठोपाठ मी. त्या वर्षी मिरवणूक पोरांशिवाय निघाली.

जूनमध्ये बदली झाली ती एकट्या मॅडमची, पाचोडच्या शाखेत. मला इतका संताप आला होता! बसपाशी गेले आणि तिथंच रडू फुटलं, कारण राजाला बोलल्यावर थोड्याच दिवसांत कोइनस मेला, हेही मी भिंतीपलीकडून ऐकलं होतं.

"अहो, तो आजारानं गेला," मॅडम खिडकीतून म्हणाल्या. "मला साधी शिंकसुद्धा आलेली नाय. आणि फौज माघारी फिरली का नाय, ते सांगा."

यंदाच्या बैठकीत अध्यक्षांनी पुन्हा पोरांच्या लेझीमचा विषय काढला. कुणाची हरकत आहे का, असं मॅडमच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत, हसत विचारलं.

कोणीच काही बोललं नाही. नुसत्या खुर्च्या सरकल्या.